विसावा खेळाडू

योगेशच्या दोन गुडघ्यांमध्ये मी बीपी मोजायच्या मशीनचा पट्टा ठेवला होता. त्याला सांगितलं होतं, गुडघ्यांनी तो जेवढा दाबता येईल तेवढा दाब. काटा एकशे तीसपर्यंत गेला आणि तिथेच थरथरत राहिला.

"दुखतंय?"

"नाही मॅडम."

पंखा फुल होता, तरी त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

ही टेस्ट फार साधी आहे. जांघेच्या आतल्या बाजूला जे स्नायू असतात, त्यांना अ‍ॅडक्टर म्हणतात. दोन्ही पाय एकमेकांकडे ओढून घ्यायचं काम त्यांचं. त्यांच्यात किती जोर आहे हे मोजायला महागडी यंत्रं मिळतात. माझ्याकडे ती नाहीत, म्हणून मी हा पट्टा वापरते. योगेशच्या बांध्याच्या माणसाचा काटा दोनशेच्या पुढे जायला हवा होता. स्नायू दुखत असला की मेंदू त्याला पूर्ण जोर लावूच देत नाही. म्हणजे पेशंट नाही म्हणाला तरी काटा सांगतो.

"योगेश, खरं सांग."

"थोडंसं," तो म्हणाला.

नाव अर्थातच बदललं आहे. वय एकतीस, गाव जसोंडी, घरी केळीची शेती, स्वतः एका केंद्रीय दलात जवान. मी बऱ्हाणपुरात बावीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे. माझं क्लिनिक शनवारा भागात आहे. पॉवरलूमवर उभं राहून कंबर गेलेले, केळीचे घड वाहून खांदे उतरलेले, लकव्यानंतर पुन्हा चालायला शिकणारे, असे माझे पेशंट. योगेशने केसपेपरवर 'खेळ' या रकान्यात आइस हॉकी लिहिलं, तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं. मे महिन्यात आमच्याकडे पंचेचाळीस डिग्री तापमान असतं. बर्फ आम्ही उसाच्या रसात बघतो.

त्याने सगळं सांगितलं. त्याचा मामा नेपानगरला पेपर मिलमध्ये होता. शाळेसाठी योगेश मामाकडे राहिला. मिलच्या कॉलनीत सिमेंटचं एक मैदान होतं, तिथे एक सर मुलांना चाकांचं स्केटिंग शिकवायचे. तो ते चार वर्षं शिकला आणि विसरून गेला. पुढे भरती झाला. लडाखला पोस्टिंग आल्यावर एकदा सगळ्यांना विचारलं गेलं, स्केटिंग कोणाला येतं? याने हात वर केला. आठ वर्षांपूर्वी वर केलेल्या त्या हातावर तो अजून टीममध्ये होता.

टीममध्ये वीस जण असतात. दोन गोलकीपर आणि अठरा खेळाडू. बर्फावर एका वेळी गोलकीपर धरून सहाच उतरतात, आणि हा खेळ इतका दमवणारा आहे की दर चाळीस-पंचेचाळीस सेकंदांनी खेळाडू बदलतात. चांगल्या खेळाडूंची पाळी सारखी येते. योगेशची पाळी एका मॅचमध्ये चार-पाच वेळा यायची.

"म्हणजे तू पूर्ण मॅचमध्ये तीन-चार मिनिटं खेळतोस?"

"हां. बाकीच्यांना श्वास घ्यायला मिळावा म्हणून मला उतरवतात. गोल नाही करायचा. समोरच्याला अडवायचं, मध्ये पडायचं. लडाखची पोरं मॅडम, तीन-चार वर्षांची असल्यापासून बर्फावर आहेत. माझं नाव लिस्टमध्ये नेहमी शेवटी. विसावं."

हे त्याने कुरकुरत सांगितलं नाही. एखाद्याने आपला रोल नंबर सांगावा तसं सांगितलं.

दुखणं मे महिन्यापासूनचं होतं आणि आता नोव्हेंबर सुरू झाला होता. युनिटमध्ये त्याने कोणाला कळू दिलं नव्हतं. साठ दिवसांची रजा टाकून तो घरी आला होता आणि रजा संपताच लेहला ट्रायल होती. मी त्याला एमआरआयसाठी जळगावला पाठवलं. स्नायू जिथे हाडाला चिकटतो, तिथे तो थोडा फाटलेला होता. पूर्ण तुटला नव्हता.

मी सांगितलं, दहा ते बारा आठवडे लागतील.

"आठ हप्ते हाये माझ्याकडे," तो म्हणाला.

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, प्रयत्न करू. आमच्या धंद्यात 'प्रयत्न करू' हे वाक्य आम्ही एका अर्थाने बोलतो आणि पेशंट दुसऱ्याच अर्थाने ऐकतो.

मला तो खेळ माहीत नव्हता, म्हणून मी बसून व्हिडिओ पाहिले. चालताना आपण पाय मागे ढकलतो. स्केटिंगमध्ये पाय बाजूला ढकलायचा असतो आणि मग परत आत ओढून आणायचा असतो. ओढायचं काम याच जांघेच्या स्नायूचं. त्यातही थांबणं सगळ्यात वाईट. जोरात येणारा माणूस दोन्ही पाय एकदम आडवे करून बर्फ खरवडत थांबतो. त्या क्षणी अख्ख्या शरीराचं वजन जांघेवर येतं. योगेशचं काम तर समोरच्याला अडवायचंच होतं. म्हणजे त्याच्या चाळीस सेकंदांत थांबणंच जास्त.

पहिले दोन आठवडे उशी दाबायचे व्यायाम दिले. मग बाकावर एक पाय ठेवून अंग उचलायचे. तिसऱ्या आठवड्यानंतर त्याला बाजूला घसरायची सवय करून देणं भाग होतं. मोठ्या शहरात त्यासाठी तयार बोर्ड मिळतो. मी इथल्याच लालबागच्या एका प्लायवूडवाल्याकडून आठ फुटांची गुळगुळीत सनमायका लावलेली फळी करून घेतली आणि दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्या ठोकल्या. पायात जाड लोकरी मोजे घालून योगेश त्या फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरायचा. बाकीचे पेशंट शेक घेता घेता बघत बसायचे. काटा एकशे पन्नासवर आला, मग एकशे पासष्टवर. बरं चाललं होतं. फक्त हळू चाललं होतं.

त्याची बायको रूपाली अधूनमधून सोबत यायची. बाहेरच्या बाकावर बसायची. एकदा मी तिला सहज विचारलं, तुला काय वाटतं, त्याने खेळ चालू ठेवावा की सोडावा? मला वाटलं होतं, ती सोडावा म्हणेल.

"ताई, मला खेळाचं काही कळत नाही," ती म्हणाली. "पण टीममधी असले की हिवाळ्यात ते खाली राहतात. रोज फोन लागतो, पोरगी पप्पांशी बोलते. वर पोस्टवर गेले की आठ-आठ दिवस फोन नाही लागत. मग मी बातम्या लावूनच बसते."

त्या दिवसापर्यंत मी समजत होते की एका हौशी खेळाडूची जागा वाचवायची आहे. योगेशने मला हे कधी सांगितलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात तो नेपानगरला गेला. त्याच जुन्या सिमेंटच्या मैदानावर, चाकांचे स्केट्स घालून. मी फक्त सरळ जायला आणि मोठ्या वळणाने वळायला परवानगी दिली होती. परत आला तेव्हा खूश होता. टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज कोणीतरी आपल्या प्रॅक्टिसचा व्हिडिओ टाकायचं, म्हणून यानेही टाकायला सुरुवात केली. एक नेपानगरचा टाकला. एक माझ्या फळीवरचा.

सातव्या आठवड्याच्या सोमवारी काटा एकशे सत्तरवर होता. शुक्रवारी दोनशे छत्तीसवर गेला.

तो माझ्याकडे बघून हसला. मी पट्टा तपासला. दुसरा पट्टा लावला. पुन्हा दोनशे तीस.

स्नायू असा बरा होत नाही. चार दिवसांत पाच-सात, फार तर दहाने वाढतो. साठने वाढत नाही. बावीस वर्षांत वाढलेला पाहिला नाही. एवढी उडी एकाच कारणाने येते. जोर तेवढाच असतो, दुखणं तेवढं बंद झालेलं असतं.

"काय घेतलंस?"

तो म्हणाला, गोळी. मी विचारलं, किती? म्हणाला, दोन, येण्याच्या आधी एक तास. युनिटमधल्या मित्राने नाव सांगितलं होतं. मंगळवारपासून तो ती घेत होता. मला फसवायला नाही, असं तो म्हणाला. ट्रायलच्या दिवशी किती घ्याव्या लागतील, याचा अंदाज घेत होता.

मी त्याला समोर बसवलं आणि समजावलं. गोळी घेऊन तो थांबायला जाईल, तेव्हा दुखणार नाही. दुखणार नाही म्हणून तो जोर काढून घेणार नाही. आणि अर्धवट फाटलेला स्नायू हाडापासून पूर्ण सुटू शकतो. मग ऑपरेशन, सहा महिने, आणि नंतरही पूर्वीसारखा होईलच याची खात्री नाही. मी म्हटलं, अजून तीन-चार आठवडे दे. तशी चिठ्ठी देते, कोचला दाखव.

"मॅडम, चिठ्ठी दाखवली की संपलं. पहिल्या पाच जणांसाठी थांबतात. विसाव्यासाठी कोण थांबतं?"

"मग न दाखवता जाशील?"

"तुम्ही फिट लिहून द्या ना. फक्त एवढंच. पुढे जे होईल ते माझं."

मी नाही म्हटलं. तो चिडला नाही, आवाजही चढवला नाही. फळीवरचे मोजे उचलले, घडी करून बॅगेत ठेवले. मी चिठ्ठी लिहिली. सराव चालेल, मॅच खेळायला अजून तीन आठवडे तरी योग्य नाही. त्याने ती न वाचता खिशात घातली. पुढच्या आठवड्यात तो आलाच नाही. रूपालीकडून कळलं, तो ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच निघाला होता.

हे कळलं त्याच दिवशी दुपारी फोन आला. मी एका बाईंच्या लकवा झालेल्या हाताचा व्यायाम घेत होते. अनोळखी नंबर होता. मी फोन उचलून कान आणि खांद्याच्या मध्ये धरला.

पलीकडून हिंदीत एकजण बोलला. त्याने आपलं नाव आणि रँक सांगितली. तो टीमचा कोच होता. योगेशने ग्रुपवर टाकलेल्या व्हिडिओत त्याच्या मागे माझ्या क्लिनिकचा बोर्ड दिसत होता. बोर्डवर नंबर होता. कोचने व्हिडिओ मोठा करून नंबर वाचला होता.

"मॅडम, योगेश आपके यहाँ आता है?"

"जी, आते हैं," मी म्हटलं.

बोलून गेल्यावर कळलं की हेदेखील सांगायला नको होतं. पेशंटच्या परवानगीशिवाय त्याची कुठलीच माहिती कोणाला द्यायची नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. तो आपल्याकडे येतो, ही पण माहितीच. आणि फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये माणूस हवा खायला येत नाही.

"चोट है उसको?"

"वो मैं उनसे पूछे बिना नहीं बता सकती."

"मॅडम, मेरे पास एक जगह है और तीन लड़के हैं. मुझे बस इतना बता दीजिए, खेल सकता है या नहीं."

"आप उनसे ही पूछिए."

तो वाईट माणूस वाटला नाही. आवाज थकलेला होता.

"ठीक है मॅडम. फिट होता तो आप हाँ बोल देतीं."

फोन बंद झाला. मी त्या बाईंचा हात धरून तशीच उभी राहिले. कोच बरोबर बोलला होता. योगेश फिट असता तर मी एका सेकंदात हो म्हटलं असतं, आणि तेव्हा परवानगीची आठवणही मला झाली नसती.

मी लगेच योगेशला फोन केला. तो दिल्लीत होता, पुढच्या विमानाची वाट बघत. मी सगळं जसं झालं तसं सांगितलं. माझं चुकलं हेही सांगितलं. मागे अनाउन्समेंट चालू होती.

"ठीक आहे मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही मला सांगितलं ते बरं केलं."

त्यानंतर चार-पाच महिने काही कळलं नाही. रूपालीला फोन करावा असं बऱ्याचदा वाटलं. केला नाही. काय विचारणार होते?

मे महिन्यात तो वडिलांना घेऊन आला. त्यांचे गुडघे दुखत होते. म्हातारबाबांना मशीन लावून मी त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि विचारलं.

ट्रायलच्या दिवशी त्याने गोळी घेतली होती, हे त्याने स्वतःहून सांगितलं. पूर्ण किट चढवलं होतं. पॅड, हेल्मेट, स्केट्स, सगळं. रिंकच्या कडेला लाकडी बाक असतो, त्यावर सगळे बसले. कोच नाव घ्यायचा, तो मुलगा उठून बर्फावर जायचा. दोन तास ट्रायल चालली. योगेशचं नाव एकदाही घेतलं गेलं नाही. उन्हातसुद्धा तिथे पाणी गोठतं. बसून बसून त्याचे पाय सुन्न झाले होते. शेवटी कोच त्याच्याजवळ आला आणि म्हणाला, पहिले ठीक हो जा. चिठ्ठी त्याने मागितली नाही, याने दाखवली नाही. जागा वीस वर्षांच्या एका मुलाला मिळाली.

महिन्याभरात योगेश वरच्या पोस्टवर गेला. तिथे त्याने माझे व्यायाम चालू ठेवले होते. फेब्रुवारीच्या शेवटी दुखणं पूर्ण थांबलं. म्हणजे मी सांगितलेल्या बारा आठवड्यांपेक्षा जवळजवळ महिनाभर जास्त लागला.

"आणि टीम?"

"सेमीफायनलला हारली. माझ्यामुळे नाही. मी असतो तरी हारलीच असती."

मी म्हटलं, तुझा राग असेल तर मला मान्य आहे. तो म्हणाला, खोटं बोला असं मीच सांगत होतो, राग कोणावर धरू.

"फक्त एक वाटतं मॅडम. उतरू द्यायला पाहिजे होतं. एकदा. फाटला असता तर फाटला असता, पण बर्फावर फाटला असता. आठ वर्षं खेळलो आणि शेवटच्या दिवशी बाकावर बसून आलो."

त्याचा स्नायू वाचला, हे खरं आहे. उतरला असता तर नक्की तुटला असता का, हे मला माहीत नाही. कदाचित चाळीस-चाळीस सेकंद करून निभावून गेला असता. माझ्या पेशाचं उत्तर मला माहीत आहे आणि मी ते आजही तसंच देईन. पण त्याने ते उत्तर मागितलंच नव्हतं.

आत मशीनची घंटी वाजली. तो उठला, वडिलांना हाताला धरून बाहेर आणलं, त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या. जाताना म्हणाला, या वर्षी ट्रायलला नाव दिलेलं नाही. पोस्टवर फोन लागत नाही म्हणून रूपालीला रोज एक ओळ लिहून ठेवतो, रेंज आली की सगळ्या एकदम जातात.

त्याच्यानंतर मी केसपेपर नवीन छापून घेतले. त्यात एक रकाना वाढवला: तुमच्याविषयी कोणी फोनवर विचारलं तर काय सांगायचं? पहिल्याच दिवशी हा रकाना भरल्याशिवाय मी पेशंटला हात लावत नाही. नुसतं 'सांगू नका' लिहिलेलं असेल तर मी पुढे विचारते, आणि मी गप्प बसले तर समोरचा काय समजेल? बहुतेकांनी याचा विचार केलेला नसतो. मीही केला नव्हता. लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो, पण विचारल्यावर थोडं थांबून नीट उत्तर देतात. मागच्या आठवड्यात एका पॉवरलूमवाल्याने लिहिलं: शेठचा फोन आला तर बरं व्हायला पंधरा दिवस सांगा, घरून आला तर आठ.